तसे शिक्षक

"तसे शिक्षक आता राहिले नाहीत."

हे वाक्य मी महिन्यातून चार-पाच वेळा तरी ऐकते. लग्नकार्यात ऐकते, बँकेत पेन्शनच्या रांगेत ऐकते, सकाळी फिरायला जाणाऱ्या आमच्या घोळक्यात ऐकते. ५ सप्टेंबर आणि गुरुपौर्णिमा या दोन दिवशी तर मोबाईल उघडायची सोय नसते. म्हणणारे बहुतेक माझ्याच वयाचे, सत्तरी ओलांडलेले. मी स्वतः पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं हे ठाऊक असूनही माझ्या तोंडावर म्हणतात! वर "तुम्ही जुन्यातल्या बाई, तुमची गोष्ट वेगळी" अशी मलमपट्टीही करतात. :)

मला हे वाक्य पटत नाही. माझे शिक्षक मला नीट आठवतात, म्हणूनच पटत नाही. ती चारचौघांसारखी माणसं होती. पगार पुरत नाही म्हणून कुरकुरणारी, बदली झाली की हिरमुसणारी, स्टाफरूममध्ये एकमेकांशी भांडणारी. पण शिकवताना त्यांच्या काही सवयी होत्या आणि त्या ती रोज पाळत. त्या सवयी कोणत्या हे सांगता येतं, दुसऱ्याला शिकता येतं. "तसे" असं एका शब्दात म्हणून मोकळं झालं, की ते नेमकं काय करत होते हे बघायचं राहूनच जातं. आज ते सांगायचं आहे. त्यामागे एक ताजं निमित्तही आहे, ते शेवटी येईलच.

मी कराडची. १९६५ ते १९६९ ही माझी हायस्कूलची, आठवी ते अकरावीची वर्षं. आमची मॅट्रिक अकरावीची. दहावीची पहिली परीक्षा १९७५ साली झाली, आणि योगायोग असा की शिक्षिका म्हणून मी रुजू झाले तेही १९७५ सालीच. शिक्षकांची नावं मुद्दाम लिहीत नाही. त्यांची मुलं-नातवंडं आहेत, त्यांना न विचारता लिहिणं बरं नाही. आमच्या वर्गातले जे हे वाचतील ते ओळखतीलच.

पहिले, गणिताचे सर. सडपातळ, बुटके, कोटाच्या खिशात कायम खडूचे तुकडे. सर फळ्यावर गणित सोडवून झाल्यावर "समजलं का?" असं कधीही विचारत नसत. ते विचारत, "कुठे अडलं?" आज हे वाचताना विशेष वाटणार नाही. पण "समजलं का" म्हटल्यावर वर्गातल्या पन्नास माना एकदम हलतात, हे ज्याने शिकवलंय त्याला माहीत आहे. न समजलेल्या मुलाने हात वर केला तर तो एकटा पडतो. "कुठे अडलं" या प्रश्नात अडणं हे गृहीतच धरलेलं असतं. अडणार तर सगळेच, फक्त जागा कुठली ते सांगायचं. त्यामुळे माझ्यासारखी भित्री मुलगीही सांगायची, "सर, तिसऱ्या ओळीत."

त्यांची दुसरी सवय वह्या तपासण्याची. उत्तर चुकलं तर ते लाल शाईने फुली मारत नसत. जिथून चूक सुरू झाली त्या पायरीपाशी पेन्सिलीने एक बारीक ठिपका देत. बस्स. बरोबर उत्तरही लिहून देत नसत. आपण वही उघडायची, ठिपका शोधायचा आणि त्याच्या वरचं सगळं बरोबर आहे असं धरून तिथून पुढे निघायचं. फुली म्हणते, तुझं सगळं गेलं. ठिपका म्हणायचा, इथपर्यंत ठीक आलीस. मला गणित फार चांगलं कधीच आलं नाही, पण गणिताच्या वहीची भीती मात्र गेली.

पुढे मी मराठी शिकवलं, आणि सरांचा हा ठिपका व्याकरणात वापरला. प्रयोग ओळखताना मुलं हमखास घोटाळा करतात. "रामाने आंबा खाल्ला" याला कर्तरी लिहितात, कारण खाणारा राम. तिथे फुली मारली तर मूल पुढच्या वेळी डोळे मिटून कर्मणी लिहितं, कळलेलं काहीच नसतं. मी "खाल्ला" या शब्दाखाली ठिपका द्यायची. मूल वही घेऊन यायचं. "आंब्याऐवजी चिंच घालून बघ," एवढंच सांगायचं. रामाने चिंच खाल्ली. राम तोच, पण क्रियापद बदललं! मग चेहऱ्यावर जो उजेड पडायचा, तो सरांच्या मालकीचा आहे असं मला नेहमी वाटायचं.

दुसऱ्या, मराठीच्या बाई. त्यांनी मला घडवलं असं म्हणायची पद्धत आहे, पण मी वेगळं सांगते. त्यांनी मला खोटं लिहू दिलं नाही. आम्ही निबंधात लिहायचो ते सगळं ठरलेलं असायचं. पहाट झाली की पूर्व दिशा लाल व्हायची, पक्षी किलबिलायचे, शेतकरी खांद्यावर नांगर घेऊन निघायचा. बाई समासात लिहीत, "हे तू कुठे पाहिलंस?" आणि बहुतेक वेळा निबंधाच्या पहिल्या परिच्छेदाभोवती चौकट करून खाली लिहीत, "हा काढून वाच." काढून वाचलं की खरंच काही बिघडायचं नाही. पहिला परिच्छेद म्हणजे नुसतं घसा खाकरणं असतं, हे तेव्हापासून माझ्या मनात पक्कं बसलं. (या लेखाचा पहिला परिच्छेद बाईंनी ठेवला असता का, ही शंका मला आत्ताही आहे.)

एकदा "बाजाराचा दिवस" असा निबंध होता. आमच्या वर्गात मागच्या बाकावर एक मुलगी बसायची. तिची आई भाजी विकायची. वर्गात ती फारसं बोलायची नाही. तिने लिहिलं होतं, की दिवस कलला की आई मेथीच्या जुड्या दोनाच्या तीन करते. जुडी बारीक होते, पण भाव उतरवावा लागत नाही. अंधार पडला की मात्र तीच जुडी मिळेल त्या भावात देऊन टाकते, कारण उद्या ती मेथी गाईलाच घालायची. बाईंनी तो निबंध वर्गात वाचून दाखवला. कौतुकाचं भाषण केलं नाही. म्हणाल्या, "आता तुम्हा सगळ्यांना बाजार कळला की नाही?" त्या मुलीच्या शुद्धलेखनाच्या चुका भरपूर होत्या, त्या तिला नंतर वेगळं बसवून दाखवल्या. आधी काय वाचायचं आणि काय नंतर दाखवायचं, हा क्रम मी बाईंकडून उचलला आणि तीस-पस्तीस वर्षं पाळला.

आणि बाईंचं एक मोठं देणं माझ्यावर आहे. नववीनंतर माझी शाळा बंद करायचं घरात चाललं होतं. आमचे अण्णा किराणा दुकानात हिशेब लिहीत. वार्षिक उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत असलेल्या घरातल्या मुलांना तेव्हा सरकारची फीमाफी होती, ई.बी.सी. म्हणत तिला. पण त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागायचा, आणि आपलं उत्पन्न इतकं कमी आहे हे दुसऱ्याकडून लिहून आणायची अण्णांना लाज वाटायची. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं. ते म्हणायचे, "मुलीच्या जातीला नववी खूप झाली."

बाई एका संध्याकाळी घरी आल्या. मी आत भिंतीला कान लावून उभी. मला वाटलं, आता मुलींच्या शिक्षणावर बोलतील, सावित्रीबाईंचं नाव घेतील. त्यांनी चहा घेतला, आईला पापडाचं काहीतरी विचारलं, आणि पिशवीतून फॉर्म काढून म्हणाल्या, "फॉर्म मी भरलाय, तुमची सही तेवढी राहिलीय. दाखल्याचं म्हणाल तर माझ्या धाकट्या भावाचाही असाच काढला होता. त्यात काही नसतं हो." अण्णांनी सही केली. पुढे मी बी.ए. झाले, बी.एड. झाले, नोकरीला लागले. त्या सगळ्याच्या मुळाशी "त्यात काही नसतं हो" हे वाक्य आहे. आपल्या मनात काय अडलंय हे बाईंनी ओळखलं आणि त्याचा उच्चारही न करता ते बाजूला केलं, हे अण्णांनी आयुष्यभर लक्षात ठेवलं.

तिसरे, भूगोलाचे सर. कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात, तो प्रीतिसंगम तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. सर आम्हाला पहिल्या पावसानंतर तिथे घेऊन जायचे. दोन्ही नद्या महाबळेश्वरच्या एकाच डोंगरावर उगम पावतात, एवढी फिरून येतात आणि इथे भेटतात, हे नकाशात पाहणं वेगळं आणि ओल्या वाळूत उभं राहून ऐकणं वेगळं.

पण मला सांगायचंय ते १९६७च्या डिसेंबरचं. मी दहावीत होते. ११ डिसेंबरला, सोमवारी, पहाटे साडेचारच्या आत कोयनेचा भूकंप झाला. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. कराड तिथून फार लांब नाही. भांडी पडली, भिंतींना तडे गेले, आम्ही सगळे अंगणात. नंतरच्या रात्री लोक थंडीत बाहेरच झोपायचे. अफवांना ऊत आला होता. आज रात्री पुन्हा होणार, अमुक महाराजांनी सांगितलंय, धरण फुटणार, एक ना दोन.

शाळा भरली तेव्हा सरांनी आम्हाला वर्गात नेलंच नाही. मैदानातल्या कडुनिंबाखाली बसवलं आणि काटकीने मातीत रेघा ओढून भूकवच, प्रस्तर, त्यातल्या भेगा असं सांगायला सुरुवात केली. एका मुलाने विचारलं, "सर, धरणातल्या पाण्याच्या वजनाने भूकंप होतो का?" आम्हाला वाटलं, सर एक तर हो म्हणतील, नाही तर गप्प बस म्हणतील. सर म्हणाले, "मला माहीत नाही. शास्त्रज्ञ शोधतील. तुला माझ्याआधी कळलं तर मला येऊन सांग."

एखाद्या शिक्षकाच्या तोंडून "मला माहीत नाही" हे मी पहिल्यांदा ऐकलं. आणि गंमत अशी, की त्याने आमची भीती कमी झाली. महाराजांना सगळं माहीत होतं, त्यांच्या प्रत्येक वाक्याने पोटात गोळा यायचा. सरांना काय माहीत आहे आणि काय नाही हे सर वेगवेगळं सांगत होते, म्हणून त्यांनी जे सांगितलं त्यावर आमचा विश्वास बसला. धरणात साठवलेल्या पाण्याचा आणि भूकंपाचा संबंध असू शकतो, याचं ठळक उदाहरण म्हणून आज जगभर कोयनेचंच नाव घेतलं जातं. कराडजवळ हजारमाचीला या भूकंपांच्या अभ्यासासाठी केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे, आणि २०१७ साली कोयना परिसरात गोठणे इथे तीन किलोमीटर खोल विंधनविवर घेतलं गेलं. कडुनिंबाखालच्या त्या प्रश्नामागे पन्नास वर्षांनी माणसं तीन किलोमीटर खाली उतरली. सर तोवर हयात नव्हते. असते तर तो मुलगा खरंच त्यांना सांगायला गेला असता. तो पुढे इंजिनिअर झाला, आणि ही बातमी आम्हाला त्यानेच पाठवली.

आता जरा कडू विषय.

आमच्या शाळेत आणखी एक सर होते. विषय सांगत नाही. त्यांच्या हातात कायम छडी असायची. आमच्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर या सरांची आठवण सगळ्यात जास्त निघते. "काय मारायचे! म्हणून तर घडलो आपण." मग खाली हात जोडलेली वीस चित्रं. मी तिथे एकदा लिहिलं, की आपल्या वर्गात नववीत अमुक एक मुलगा होता. गृहपाठ झाला नाही म्हणून सलग तीन दिवस मार खाल्ला आणि चौथ्या दिवसापासून आलाच नाही. त्याचं काय? तासभर गट शांत. मग एकाने विषय बदलला.

"मार खाल्ला म्हणून घडलो" असं म्हणणारे कोण आहेत? जे टिकले ते. जे गेले ते गटावर नाहीत, त्यांचे नंबर कुणाकडेच नाहीत, त्यांना हात जोडायला कुणी सांगितलेलं नाही. टिकलेल्या लोकांच्या आठवणींवरून शिक्षकाची परीक्षा केली तर प्रत्येक शिक्षक पास होईल. आणि जे टिकले ते छडीमुळे टिकले याला तरी पुरावा काय? मला तर वाटतं, एका तासाला मार खाऊन पुढच्या तासाला ज्यांना "कुठे अडलं?" असं कुणी विचारलं, ते टिकले. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला, त्याच्या सतराव्या कलमाने मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करायला मनाई केली. त्या कायद्यावर "म्हणूनच मुलं बिघडली" असं म्हणणारे माझ्या नात्यातही आहेत, ते हे वाचतीलही. त्यांना माझं एवढंच सांगणं, की वर ज्या तिघांबद्दल लिहिलं त्यांपैकी एकानेही आमच्यावर कधी हात उचलला नाही. आणि आपल्याला खरोखर उपयोगी पडलेलं सगळं त्या तिघांकडचंच आहे, हे शांतपणे आठवून बघा.

"तसे" शिक्षक म्हटलं की साने गुरुजींचं नाव निघतंच. माझाही त्यांच्यावर जीव आहे. पण गुरुजींना आपण इतकं देव्हाऱ्यात बसवलंय की ते शाळेत काय करत होते हे कुणी विचारत नाही. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये ते १९२४ ते १९३० अशी सहाच वर्षं होते. तिथल्या वसतिगृहाचं काम त्यांच्याकडे होतं. मुलांसाठी ते "छात्रालय" नावाचं दैनिक स्वतःच्या हाताने लिहून काढत. पुढे "विद्यार्थी" मासिक सुरू केलं. मग नोकरी सोडून सत्याग्रहात गेले. हाताने रोज पानं लिहून काढायची आणि मुलांना वाचायला लावून ठेवायची, हे काम आहे. ते दमवणारं आहे, पण समजण्यासारखं आहे आणि करण्यासारखंही आहे. "मातृहृदयी" हा शब्द कितीही सुंदर असला तरी त्यातून नव्या शिक्षकाला उद्या सकाळी काय करायचं ते कळत नाही. रोज एक पान लिहावं, हे कळतं.

मग आता तसे शिक्षक नाहीत का? आहेत. माझ्या नात्यातली एक मुलगी (नाव लिहिलं तर रागवेल) कराड तालुक्यातल्या एका हायस्कूलवर आहे. आमच्या भागात ऊस तोडायला बाहेरच्या जिल्ह्यांतून मजूर येतात, त्यांच्याबरोबर मुलं येतात. दिवाळीच्या आगेमागे येतात आणि कारखाने बंद झाले की परत जातात. मधले महिने त्यांची शाळा बुडते. ही मुलगी संध्याकाळी त्यांच्या कोप्यांवर जाते, पाचवीपासूनची मुलं शोधते आणि शाळेत आणून बसवते. मुलं परत जायला निघाली की प्रत्येकाजवळ एक कागद देते. त्यावर लिहिलेलं असतं, गणित इथपर्यंत झालं, मराठीचे अमुक धडे झाले, भागाकारात इथे अडतो. तो कागद गावाकडच्या शाळेत दाखवायचा. तो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला एकदम सरांचा ठिपका आठवला. तिला सरांचं नावही माहीत नाही.

या मुलीने नोकरीची पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून काढली. ही योजना २००० साली आली. नावात सेवक, आणि पगाराऐवजी मानधन. माध्यमिकला ते महिना ८,००० रुपये होतं, २०२३ पासून १८,००० झालं. हिची तिन्ही वर्षं आठ हजारात गेली. त्यातून खोलीचं भाडं, एस.टी., घरी पाठवायचे पैसे. वर कामं किती! शिक्षण हक्क कायद्याच्या सत्ताविसाव्या कलमाने शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच बाहेरची कामं देता येतात. पण त्या तीनांत किती मावतं हे शिक्षकांना विचारा. शिवाय रोजची ऑनलाइन माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, फोटो काढून पाठवणं. माझ्या गणिताच्या सरांना यातलं काही नव्हतं. ते कायम नोकरीत होते, घर शाळेजवळ होतं, शनिवारी सकाळची शाळा सुटली की दुपार त्यांची स्वतःची होती. त्या दुपारी ते अडलेल्या मुलांना घेऊन बसत, एक पैसा न घेता. सरांचं मोठेपण मी कमी करत नाहीये. पण ते मोठेपण उभं राहायला त्यांच्याकडे मोकळी दुपार होती, आणि महिन्याच्या शेवटी खात्रीचा पगार होता, हेही सांगायला हवं. दुपार काढून घ्यायची, पगार काढून घ्यायचा आणि मग म्हणायचं, तसे शिक्षक राहिले नाहीत!

आता ताजं निमित्त. आमच्या बॅचने गणिताच्या सरांच्या नावाने दीड लाख रुपये जमवले आहेत. बहुतेकांचं म्हणणं असं, की ते ठेवीत ठेवावेत आणि व्याजातून दरवर्षी दहावीत गणितात पहिल्या येणाऱ्याला सरांच्या नावाचं बक्षीस द्यावं. मी याला विरोध केला आहे, आणि "बाई, तुमचं नेहमीच वेगळं" असा शेराही मिळवला आहे.

माझं म्हणणं साधं आहे. सर पहिल्या आलेल्यासाठी शनिवारी थांबत नसत. पहिला आलेला घरी जायचा, क्रिकेट खेळायचा. पहिला येणारा आजही कुठल्या तरी क्लासला जातो, त्याला आपल्या हजार-दोन हजारांची गरज नाही. सरांचं नाव द्यायचंच असेल तर त्यांच्या शनिवारला द्या. शाळेने आठवी-नववीतल्या अडलेल्या मुलांसाठी शनिवारी दुपारी वर्ग घ्यावा, त्याचं नाव सरांचं असावं, आणि जो तरुण शिक्षक तो घेईल त्याला तासाप्रमाणे मानधन आपल्या पैशांतून जावं. कायद्याने शिक्षकांना खाजगी शिकवणीला बंदी आहे, म्हणून हे सगळं शाळेमार्फत, शाळेच्याच इमारतीत आणि मुलांना फुकट. व्याज पुरणार नाही, मुद्दलच वापरावं लागेल हे मला कळतं. चार-पाच वर्षांत संपेल. संपू दे. आपणही तोवर ऐंशीच्या घरात असू.

यावर एका वर्गमित्राने विचारलं, "सर तर फुकट बसायचे. मग आताच्यांना पैसे कशाला?" प्रश्न रास्त आहे. उत्तर वर दिलंच आहे, पण पुन्हा सांगते. सर फुकट बसले तो त्यांचा निर्णय होता. आपण सत्तरी ओलांडलेले, पेन्शन खाणारे लोक पंचविशीतल्या मुलाला "तूही फुकट बस" असं सांगणार असू, तर तो त्याग कुणाचा? सरांकडून आपण जे फुकट घेतलं, ते फेडायची पाळी आपली आहे. ती त्या मुलावर कशी ढकलता येईल?

रविवारी गटावर याचा निर्णय आहे. माझ्या बाजूने आत्तापर्यंत सहा जण आहेत, तिकडे एकवीस. त्या सहांतली एक ती मेथीच्या जुड्यांवर लिहिणारी. तिने फक्त एवढंच लिहिलं, "मी शनिवारी बसायचे. माझे पाच हजार त्यालाच लावा, बक्षिसाला नको." बाईंना हा परिच्छेद नक्की आवडला असता, काढून टाक म्हणाल्या नसत्या.

वाचणाऱ्यांत आमच्या बॅचचे कुणी असतील तर त्यांनी रविवारच्या आत विचार करावा. आणि बाकीच्यांना एक विनंती. "तसे शिक्षक" असं पुढच्या वेळी तोंडावर आलं, की जरा थांबून ते काय करायचे ते एका ओळीत लिहून बघा. फुली मारायचे की ठिपका द्यायचे, एवढं जरी आठवलं तरी ते एखाद्या नव्या शिक्षकाला पाठवा. त्याला हात जोडलेल्या चित्रापेक्षा त्याचा जास्त उपयोग होईल.